हलकी रायफल, पूर्ण काडतूस

रुर्डने काउंटरवर हिरवं कापड अंथरलं, त्यावर एक नाजूकशी रायफल ठेवली आणि तो बेरेंडकडे पाहून हसला. समताकडे नव्हे, बेरेंडकडे. तिथेच समताचं डोकं फिरलं. रायफल कोण घेणार? समता. परवाना कोणाच्या नावावर? समताच्या. नोकरी सांभाळून वर्षभर डच भाषेत शिकारीचा अभ्यास कोणी केला, बदकांच्या जाती नुसत्या पिसांवरून ओळखायला कोण शिकलं? आणि हे दोघे मात्र एकमेकांकडे पाहून गालातल्या गालात हसत होते, मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखे.

"खास बायकांसाठी," रुर्ड म्हणाला. दुकान त्याचं होतं आणि आर्नहेमच्या आसपासचे सगळे शिकारी त्याच्याकडूनच बंदुका घेत. "अडीच किलोसुद्धा नाही. दोनशे बावीसचं काडतूस. धक्का म्हणशील तर कोणी खांद्यावर हात ठेवल्याइतका."

"हरणाला पुरतं," बेरेंडने री ओढली. "कायद्यानेही पुरतं."

"आणि रानडुकराला?" समताने विचारलं.

 रुर्ड कापडाची सुरकुती नीट करू लागला.

बेरेंड माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सत्तरीला आलेला, लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेला, आर्नहेमच्या वरच्या अंगाला जंगल आणि मक्याची शेतं मिळून जो पट्टा आहे त्यावर शिकारीचा हक्क असलेला. दोन वर्षांपूर्वी समताच्या गाडीसमोर एक हरीण आलं, आपल्याकडच्या भेकराएवढं. कंबर मोडली, पण जीव जाईना. समता रस्त्याच्या कडेला पाऊण तास त्याच्याशेजारी बसून होती. ते मान उचलायचं, पुढचे पाय झाडायचं आणि पुन्हा पडायचं. ती, तीनशे ऐंशी किलोव्होल्टच्या वाहिन्यांची गणितं करणारी इंजिनिअर, काही म्हणता काही करू शकत नव्हती. मग पोलिसांनी पाठवलेला बेरेंड आला. त्याने टोपी काढली, तिला पाठ फिरवायला सांगितलं आणि एका गोळीत ते संपवलं. तिने पाठ फिरवली नाही. "हे मला शिकायचंय," ती म्हणाली. बेरेंडला वाटलं, बाई हादरली आहे. बाई हादरली होतीच, पण शिकायचंही होतं. पुढे तिला परवाना मिळावा म्हणून स्वतःच्या पट्ट्यात शिकारीला येऊ देण्याचा कागद त्यानेच सही करून दिला. तो कागद नसता तर परीक्षा पास होऊनही काही उपयोग नव्हता.

म्हणूनच त्याच्याशी वाकडं घेणं सोपं नव्हतं. दर वर्षी मार्चमध्ये त्या कागदावर त्याची सही लागायची.

"डुकराचं तू कशाला मनावर घेतेस?" बेरेंड समजुतीच्या सुरात म्हणाला. "डुकराच्या वेळी तू चालशील. मी उभा राहीन."

डुकराची ती पद्धत समताला पुस्तकातून माहीत होती. दोघांनीच जायचं. एकाने रायफल घेऊन वाटेच्या तोंडाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने काठी घेऊन झाडीत शिरायचं, खोडांवर टकटक करत, तोंडाने आवाज करत चालायचं. डुकरं उठतात आणि चालणाऱ्यापासून दूर, उभ्या असलेल्याच्या समोर येतात. पुस्तकात त्याला छान शास्त्रीय नाव होतं. समताच्या घरात त्याला हाका म्हणत.

कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

तिचे आजोबा बळवंत मेश्राम भंडाऱ्याकडचे, जंगलाला खेटून असलेल्या एका गावचे. गावाचा जमीनमालक, मालगुजार, शिकारीला निघाला की मेश्रामांच्या वस्तीतले पुरुष डबे बडवत झाडीत शिरायचे आणि मालगुजार, त्याचे पाहुणे, पाहुण्यांचे मेहुणे मचाणावर बसायचे. हाक्याचा मोबदला म्हणून जनावराचं मुंडकं आणि आतडी मिळायची. बळवंतच्या मांडीवर डुकराच्या सुळ्याची वीतभर खूण होती. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्या थंडीत मालगुजाराचा माणूस बोलवायला आला तेव्हा त्याने डबा त्याच्या पायाशी ठेवला. म्हणाला, "हाका बंद. ज्याच्याकडे बंदूक आहे त्यानं जावं झाडीत." त्याचं वर्षभर गावात काम बंद झालं, विहीर बंद झाली. शेवटी तो तुमसरच्या मँगनीजच्या खाणीवर गेला, पण पुन्हा डबा हातात धरला नाही. मेश्रामांच्या घरात ही गोष्ट इतर घरांत वंशावळ सांगतात तशी सांगितली जायची.

"मी चालणार नाही," समता म्हणाली.

"सगळेच चालतात," बेरेंडला खरोखर नवल वाटलं. "पहिली दोन वर्षं. नवा माणूस चालतो, ही रीतच आहे. मीही चाललोय, माझ्या सासऱ्यासाठी. चार वर्षं."

"चार वर्षांनी रायफल तुमच्या हातात येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. माझे आजोबा चालले. चाळीस वर्षं चालले असते तरी त्यांच्या हातात ती आली नसती."

बेरेंडने थोडा वेळ विचार केला. विचार करताना तो मिशीचं टोक चावायचा. "ते वाईट झालं," तो म्हणाला आणि ते त्याने मनापासून म्हटलं. "पण इथे तसं नाही. दोन वर्षांनी तू उभी राहशील."

"ह्याने?" समताने काउंटरवरच्या नाजूक रायफलवर बोट ठेवलं. "डुकराला शंभर मीटरवर बावीसशे ज्यूल लागतात. कायदाच आहे तसा. ही देते जेमतेम हजार. मग दोन वर्षांनी मी कशी उभी राहणार होते, बेरेंड?"

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचं भांडं कोणी तरी उघडं केलं की चेहरा होतो तसा बेरेंडचा झाला. खरं तर त्याने काही लपवलं नव्हतं. त्याने त्यावर विचारच केला नव्हता. समताला त्याचाच जास्त राग आला. लबाडीशी भांडता येतं. जिथे कोणाच्या मनातही आलं नाही, तिथे भांडायचं तरी कशाशी?

"कागद माझा आहे," तो अखेर म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मान ताठ झाली होती. "आणि आणखी एक ऐक. तू उभी राहणार म्हणजे तुझ्या नळीपुढच्या झाडीत मी चालणार. वजन किती तुझं, अठ्ठेचाळीस किलो? हलकी रायफल आणि मोठं काडतूस घेशील, तर दर बाराला धक्का बसेल. चार धक्क्यांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच दचकायला लागतो. दचकला की नळी कुठे जाईल त्याचा नेम नाही. तशा माणसापुढे मी चालत नाही. मार्चमध्ये सही तर नाहीच नाही."

हे मात्र रास्त होतं. समता हट्टी होती, पण रास्त बोलणं तिला कळायचं.

"ठीक," ती म्हणाली. "दचकत नाही हे दाखवीन. तोवर दुसऱ्या रायफली काढा, रुर्ड."

रुर्डने काढल्या. नाइलाजाने काढल्या, पण एकदा काढायला लागल्यावर त्यातला दुकानदार जागा झाला. तीनशे आठ, तीस-शून्य-सहा, सगळ्या बोल्टच्या, काही लाकडी दस्त्याच्या, काही काळ्या कृत्रिम दस्त्याच्या. समताने प्रत्येक हातात घेतली, बोल्ट ओढून आत पाहिलं, खांद्याला लावली. जंगलातून दिवसभर वागवायची तर साडेतीन किलोच्या वर नको, दुर्बिणीसकट. तिथे बऱ्याच गळाल्या. आणि काडतूस असं हवं की डुकराच्या कायद्यात बसेल, पण खांदा मोडणार नाही. शेवटी कापडावर एकच उरली. साडेसहा बाय पंचावन्न. स्वीडनच्या लोकांचं शंभरावर वर्षं जुनं काडतूस, साडेसहा मिलिमीटरची गोळी, धक्का तीस-शून्य-सहाच्या दोन तृतीयांश.

"ही घे मग," रुर्ड म्हणाला. "सर्वांत छोटी नळी, सत्तेचाळीस सेंटिमीटर. रायफल भरते चोवीसशे ग्रॅम. आणि हे बघ, खोक्यावर लिहिलंय, शंभर मीटरवर तेवीसशे पन्नास ज्यूल. बसतं कायद्यात."

समताने खोकं हातात घेतलं. ती ज्या कंपनीत होती तिथे रोज असे आकडे यायचे. यंत्रावरच्या पाटीवर एक आणि तार लांब खेचली की टोकाला भलताच.

"हा आकडा केवढ्या नळीवर मोजलाय?"

"म्हणजे?"

"खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात आहे. साठ सेंटिमीटर. ही तेरा सेंटिमीटर तोकडी आहे. सेंटिमीटरमागे सेकंदाला अडीच-तीन मीटर वेग जातो." तिने फोनवर आकडेमोड केली आणि फोन त्याच्यापुढे धरला. "एकवीसशे चाळीस. ही घेऊन मी डुकरावर गोळी झाडली, तर गुन्हेगार मी होईन. खोकं नाही होणार."

रुर्डने फोनकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खोक्याची कड वाचत असल्यासारखा डोळे बारीक करून वाचू लागला. बेरेंड मिशी चावत राहिला.

"छप्पन सेंटिमीटरची नळी असलेली हीच रायफल आहे का?"

होती. सव्वीसशे सत्तर ग्रॅम. बावीसशे ऐंशी ज्यूल. समताने तीच घेतली.

घरी अश्वजितने ती खांद्यावर तोलून पाहिली आणि कपाटाएवढ्या तिजोरीत परत ठेवली. ती तिजोरी भिंतीला पक्की ठोकलेली आहे की नाही हे पाहायला पोलीस घरी येऊन गेले होते तेव्हापासूनच तो जरा बिथरलेला होता. आयटीतला साधा माणूस. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या व्हिसावर बायको म्हणून आलेली ही बाई पुढे असले उद्योग करेल, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"नाकापेक्षा मोती जड, समता," तो म्हणाला. "लहान घ्यायचीस ना. बेरेंड एवढा म्हणत होता. त्याला कशाला दुखवायचं?"

"तो दुखावला तर मी काय चालू? झाडीत?"

"तसं नाही गं. पण हेगला परवा ललिताताई विचारत होत्या, बुद्धवंदनेला येता आणि घरात बंदूक? जीव न मारण्याचं पहिलं शील विसरलात का? मी काय सांगणार त्यांना?"

"मी सांगेन."

आणि पुढच्या रविवारी हेगच्या कार्यक्रमात तिने सांगितलंही. ललिताताई डाव घेऊन वाढत होत्या आणि पातेल्यात कोंबडीचा रस्सा होता. "ताई, शील मी मोडते," समता म्हणाली. "लपवत नाही. पण ही कोंबडी कोणी मारली, हे आपल्यापैकी कोणी विचारलं नाही. रस्त्यावर कंबर मोडून पडलेलं जनावर मी पाऊण तास नुसतं बघत बसले, ते पुण्य होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरलं की तुम्हाला आधी सांगेन." ललिताताईंनी तिच्या ताटात रस्सा वाढला, थोडा जास्तच वाढला. पटलं नाही हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण त्या पुढे सरकल्या.

नागपूरला बाबांना फोन केला तर ते पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेल अशा शांतपणे म्हणाले, "हे काय करून राहिली तू तिकडे?" तिने सगळं सांगितलं. लहान रायफल, मोठी रायफल, चालणं, उभं राहणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मोठीच घेतली ना? बरं केलं." आणि फोन आईकडे दिला.

आता इथवर सगळं ऐटीत झालं. पण घोडामैदान जवळच होतं.

पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर बेरेंड आला, घडीची खुर्ची टाकून तिच्या मागे बसला. समताने रायफल खांद्याला लावली, दुर्बिणीतून पाहिलं, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. कोणी तरी कपाळावर हातोडी मारली. दुर्बिणीची कड तिच्या भुवईत घुसली होती. रक्त डोळ्यात आलं. तिने रुमाल बांधला आणि दुसरी गोळी झाडली. ती निशाणाच्या फळीच्या खाली मातीत गेली. तिसरी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. चौथ्या वेळी चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटले, आणि ते मिटले हे तिला स्वतःलाच कळलं.

बेरेंडने खुर्ची मिटली. "रुर्ड बदलून देईल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "दोनशे बावीस घे. चालायला लाज नाही, समता."

ती गाडीत बसून रडली. संतापाने रडली. काय म्हणून मोठ्या तोंडाने बोलले, असं वाटलं. दुपारभर अश्वजित भुवईवर पट्टी लावत होता आणि "मी म्हटलं होतं" हे वाक्य गिळत होता. गिळलं, हे त्याचं मोठेपण.

पण गणित करणाऱ्याचं डोकं रडण्यात फार वेळ रमत नाही. धक्का बेताचाच असताना दुर्बीण कपाळाला लागली कशी? संध्याकाळी तिने रिकामी रायफल काढली आणि अश्वजितला मोजपट्टी घेऊन उभं केलं. कोपरात हात दुमडून, चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत. तिच्या हाताला जेवढं हवं त्याहून दस्ता पुरता तीन सेंटिमीटर लांब होता. सहा फुटी माणसाच्या मापाचा. म्हणून चापापर्यंत पोचायला ती मान पुढे काढत होती, दुर्बिणीत डोकं खुपसत होती, आणि दस्ता खांद्याच्या खळीत न बसता दंडावर बसत होता. काडतूस मोठं नव्हतं. अंगरखा दुसऱ्याचा होता.

"म्हणजे लहान काडतूस घेतलं असतंस तरी..." अश्वजित म्हणाला.

"तरी हेच. फक्त लागलं कमी असतं आणि कारण कधी कळलं नसतं."

"बायकांसाठी म्हणून गोळी बारीक केली आणि दस्ता तसाच ठेवला?" अश्वजित हसायला लागला. "काय बावळट लोक आहेत!" त्या दिवसापासून तो तिच्या बाजूला आला.

रुर्डने मात्र हाय खाल्ली. "नव्या कोऱ्या रायफलचा दस्ता कापू? पुन्हा विकली जाणार नाही ती."

"विकायची कोणाला आहे? आमच्याकडे शिवलेला ब्लाउज दंडात काचला तर बाई दंड बारीक करत नाही. शिंप्याकडून उसवून घेते. कापा."

रुर्डने कापला, तळाला नवं रबर बसवलं, दुर्बीण बोटभर पुढे सरकवली. रायफल आणखी साठ ग्रॅमनी हलकी झाली.

मग सुरू झाला सराव. रोज ऑफिसातून आल्यावर दिवाणखान्याचे पडदे ओढून, रिकाम्या रायफलच्या नळीवर अश्वजित एक नाणं ठेवायचा आणि समता चाप ओढायची. नाणं पडलं तर ती गोळी वाया. पहिल्या दिवशी दहातली सात नाणी गालिच्यावर. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. शनिवारी मैदानावर वीस खऱ्या गोळ्या, त्याहून जास्त नाहीत. खांदा दुखायला लागायच्या आत थांबायचं, हे तिने स्वतःला शिकवलं. उन्हाळा असाच गेला.

सप्टेंबरात तिने बेरेंडला फोन केला. तो आला, पुन्हा खुर्ची घेऊन. पण या वेळी त्याने खिशातून मूठभर खोटी काडतुसं काढली. दिसायला हुबेहूब, आत दारू नाही. "रायफल मी भरणार," तो म्हणाला. "कधी खरं, कधी खोटं. तू बघायचं नाहीस."

जुनी, कडक आणि लबाडीला जागा नसलेली परीक्षा होती ती. खरं काडतूस असलं तर धक्क्यात सगळं झाकून जातं. खोटं असलं की चाप ओढल्यावर नुसता टक असा आवाज होतो, आणि माणूस दचकला असेल तर नळी खाली डुचकळते. सगळ्यांना दिसतं.

खरं. खरं. टक. नळी हलली नाही. खरं. टक. टक. हलली नाही. खरं. दहा झाली तेव्हा बेरेंड खुर्चीतून उठून तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला होता, नळीच्या टोकाकडे टक लावून.

"हं," तो म्हणाला. डच माणसाने यापेक्षा जास्त कौतुक केल्याचं समताने नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं.

तिथे थांबली असती तर ती समता कसली! "आता तुमची पाळी," ती म्हणाली.

"माझी?"

"तुम्ही उभे असताना आजवर माणसं तुमच्या नळीपुढे चालली. त्यातल्या कोणी विचारलं नसेल. मी विचारते."

बेरेंडचे कान लाल झाले. पण नाही म्हणायला त्याला कारण सापडेना. त्याने आपली जुनी, जड तीस-शून्य-सहा काढली. समताने भरली. खरं. गोळी मधोमध. खरं. मधोमध. टक. आणि नळी चांगली हातभर खाली गेली, घोडा पाणी प्यायला मान घालतो तशी.

 शेजारच्या जागेवरचा माणूस उगाचच आपली दुर्बीण पुसायला लागला. समताला हसू आलं नाही. बेरेंडच्या रीतीप्रमाणे याच नळीपुढे ती चालणार होती. उन्हाळ्याआधीच चालली असती.

"पुन्हा भर," बेरेंड म्हणाला.

पुढचे पाच शनिवार तो तिच्या शेजारच्या जागेवर होता. कागदाचं नाव त्याने काढलं नाही आणि तिनेही काढलं नाही. दिवाणखान्यात नाण्याचा सराव कसा करायचा ते तिने त्याला सांगितलं. त्याच्या नळीवर नाणं कोण ठेवायचं कोण जाणे, पण ऑक्टोबरच्या मध्यावर त्याची नळी जागची हलेनाशी झाली.

मग तो दिवस आला. मक्याचं एक अख्खं शेत डुकरांनी उलथून टाकलं होतं आणि शेतकरी रोज फोन करत होता. सकाळी आठला दोघे काट्याकुट्यांनी भरलेल्या रानाच्या तोंडाशी पोचले. नेहमीच्या सवयीने बेरेंड खांद्यावरून रायफल काढत उभं राहायच्या जागेकडे वळला आणि हातातली काठी त्याने समताकडे पुढे केली.

तिने हात पुढे केला नाही.

बेरेंड तसाच थांबला. काठी दोघांच्या मधे, हवेत. त्याने झाडीकडे पाहिलं. ओल्या रास्पबेरीचे काटे, कमरेएवढं नेचं, मधे काळं साचलेलं पाणी. सत्तर वर्षांचा माणूस. समताला त्याची दया आली, नाही असं नाही. आणि त्या दयेपोटी हात पुढे जाईल की काय, अशी स्वतःचीच भीतीही वाटली. मार्च अजून पाच महिने दूर होता. एक शब्द न बोलता हा माणूस तिची रायफल कायमची तिजोरीत बंद करू शकत होता. तिने हात रायफलवरच ठेवला.

"पंचवीस वर्षं झाली मला आत जाऊन," बेरेंड म्हणाला.

"माहीत आहे," समता म्हणाली.

त्याने आपली रायफल रिकामी करून खांद्याला अडकवली, टोपी खाली ओढली आणि तो झाडीत शिरला. लांबचा वळसा घेऊन पलीकडून आत यायला त्याला अर्धा तास लागला. मग आवाज आला. खोडावर काठीची टकटक, आणि म्हाताऱ्या घोगऱ्या गळ्यातून, "हॉप, हॉप, हॉप."

समताने रायफल खांद्याला लावली. तिने ठरवलं होतं की आज जुनं काही मनात येऊ द्यायचं नाही, काम आहे, काम करायचं. पण मांडीवर वीतभर खूण असलेला माणूस तिच्या शेजारी येऊन उभा राहिला तो राहिलाच. ऐका, ती मनात म्हणाली. ऐकताय ना? कोण हाकारतोय आणि कोण उभं आहे, बघताय ना? हे ती आनंदाने म्हणत होती की रागाने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

डुकरं आली. पुढे मादी, मागे पिल्लं. समताने त्यांना जाऊ दिलं. मग एक वर्षभराचं, एकटं, चाळीस पावलांवर वाटेवर थबकलं. पलीकडे उतार, उतारावर माती. बेरेंडचा आवाज डावीकडे, लांब. तिने अर्धा श्वास सोडला. दस्ता खळीत बसलेला होता. गोळी सुटली आणि डुक्कर जागच्या जागी कोसळलं, पाय न झाडता.

ती जवळ गेली तेव्हा त्याचं अंग गरम होतं. तिने तळवा कुशीवर ठेवला आणि तो गरमपणा ओसरेपर्यंत ठेवला. वाईट वाटलं. वाईट वाटणार हे ठाऊक होतं आणि ते कोणापासून लपवायचंही नव्हतं. निदान हे पाऊण तास तडफडलं नव्हतं.

बेरेंड बाहेर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, गालावर काट्यांचे ओरखडे, श्वास भात्यासारखा. त्याने डुकराकडे पाहिलं, गोळी कुठे लागली ते वाकून पाहिलं. मग ओकच्या झाडाची एक डहाळी मोडली, टोपी काढून तिच्यावर ती डहाळी ठेवली आणि टोपी समतापुढे धरली. शिकार करणाऱ्याला अशी डहाळी द्यायची रीत आहे तिथे, आणि ती चालणाऱ्याने द्यायची असते. समताने डहाळी घेऊन आपल्या टोपीत खोचली.

"पलीकडचा तुकडा राहिला," बेरेंड धापा टाकत म्हणाला. "उद्या बघू. माझ्याच्याने आता पुन्हा होणार नाही."

समताने बोल्ट मागे ओढला, काडतुसं काढून खिशात टाकली, रिकामी खोबण त्याला दाखवली आणि रायफल पाठीला अडकवली. मग त्याच्या हातातली काठी घेतली.

"तुम्ही त्या वळणावर उभे राहा. मी वाऱ्याकडून आत येते."

बेरेंड तिच्याकडे बघत राहिला. पार गोंधळला होता बिचारा. "पण तू तर चालत नाहीस!"

"चालते की," समता म्हणाली. "पहिली चालत नाही."

आणि काठीने काटे बाजूला सारत ती झाडीत शिरली.